पांढऱ्या कोटाचं सोंग

दिग्रसच्या बाजारओळीमागच्या गल्लीत नजीरचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि वर खुंट्यांना लटकलेली माणसं. लटकलेले असायचे कपडेच, पण नजीर त्यांना माणसं म्हणायचा. "जेलरची बाही उसवली," "पठाणाला ऊन दाखवायला पाहिजे," असं तो इतक्या गंभीरपणे बोलायचा की नवं गिऱ्हाईक आधी वर पाहायचं आणि मग दाराकडे. हवालदार, जेलर, काबुली पठाण, शंकर, रेल्वेचा टीसी, नवऱ्यानं टाकलेली बाई. सगळे एका दोरीवर, खांद्याला खांदा लावून. बायको हलीमा त्यांच्यात कडुलिंबाचा पाला कोंबताना म्हणायची, "तुमारे मेहमानां कभी रुखसत बी होते क्या? या तो इनकू रखो, या मेरे कू."

"तू बी तो लटक जाती कभी कभी," नजीर म्हणायचा, आणि मग दिवसभर त्याला चहा मिळायचा नाही.

नजीर बहुरूपी होता. बाप बहुरूपी, आजा बहुरूपी. पावसाळाभर शिवायचं आणि कापूस घरात आला की गावं धरायची, हा त्यांच्या घरचा वर्षाचा हिशेब. मुसलमानाचं पोर शंकर होऊन दारात उभं राहिलं तरी त्या पट्ट्यात कुणाला वावगं वाटत नसे, म्हाताऱ्या बाया खुशाल पाया पडायच्या, आणि उठताना विचारायच्या, "अम्मीची कंबर कशी हाय रे?"

सोंग कपड्यात नसतं, हे बापानं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. अंगणात नुसत्या चड्डीवर उभा करायचा आणि म्हणायचा, "हवालदार हो." पोट पुढे निघालं, मान मागे गेली, नजर समोरच्याच्या खिशावर गेली, की मगच खाकी हातात द्यायचा. कपडे घालण्याआधी जो दिसत नाही तो कपडे घातल्यावरही दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

गावात चार-सहा दिवस मुक्काम. रोज एक नवं सोंग. पहिल्याच दिवशी लोकांनी ओळखलेलं असायचं, पण खरी गंमत ओळखण्यात नव्हती, पारखण्यात होती. लोक तोंडावरची सुरकुती न हलवता आडवे प्रश्न विचारायचे आणि बहुरूप्यानं न अडखळता सोंगातूनच उत्तर द्यायचं.

"बापूजी, चला ठाण्यावर," हवालदार झालेला नजीर धामणदरीच्या बापूजींना दरडावायचा. "तुमचा कोंबडा बिनलायसनचा आरवून राह्यला."

"मंग कोंबड्याले न्या ना साहेब," बापूजी हात जोडून म्हणायचे. "मले कायले नेता? माहा आवाज तर घरातबी कोणी आयकत नाही."

"घरात कोणी आयकत नाही? म्हणजे बायकोनं आवाज चोरला. दुसरा गुन्हा!"

सगळा पार हसायचा. जो अडखळला तो बहुरूपी मेला, असं बाप सांगायचा, आणि नजीर कधी अडखळला नव्हता.

मुक्कामाचा शेवटचा दिवस मात्र सोंगाचा नसायचा. त्या दिवशी तोंड धुऊन, साध्या सदऱ्यात, तो घरोघर जाऊन उभा राहायचा. "सोमवारचा हवालदार मी होतो. मंगळवारची बाई मी होतो. बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला." मग घरची बाई सुपातून दाणे आणून झोळीत टाकायची. दाणे पडले की सोंग उतरलं. दाणे घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही, कारण न उतरलेलं सोंग माणसाच्या मागे चालत येतं.

आणि एक गोष्ट वर्ज्य होती. डॉक्टर. नजीरचा बाप तरुणपणी एकदाच पांढरा कोट घालून, गळ्यात नळी अडकवून वणीकडच्या एका गावात शिरला होता. लोक जमले, हसले, आणि गर्दीतून एक बाई आली आणि तिनं तापानं फणफणलेलं लेकरू त्याच्या हातावर ठेवलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं हा बहुरूपी आहे म्हणून. बापानं तिथल्या तिथं मिशी उपटली आणि लेकरू घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत पळत गेला. परत आल्यावर त्यानं तो कोट चुलीत घातला. नजीरला त्यानं एवढंच सांगितलं, "ज्याची कोणी वाट बघतं त्याचं सोंग घ्यायचं नाही. पोलिसाची कोणी वाट बघत नाही, म्हणून पोलीस चालतो."

पुढे टीव्ही आला, मोबाईल आला. पारावर माणसं कमी झाली आणि जी होती ती खाली मान घालून बसायला लागली. कापसाचे दिवस असे आले की लोकांना दारात हवालदार दिसला तर हसू येईनासं झालं. कर्जवसुलीपायी खरेच यायला लागले होते. नजीर शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवायचा, गणपतीच्या देखाव्यातल्या मावळ्यांना बंड्या शिवायचा. हल्ली मोठ्या शहरात पोरं सिनेमातल्या माणसांसारखे कपडे घालून एकमेकांना भेटतात, असं त्याला कुणीतरी फोनवर दाखवलं. त्यानं फोटो निरखून पाहिले. "शिलाई चांगली हाय," तो म्हणाला. "पण उतरवायचा दिवस कोणता त्यांचा?"

मग ते फवारणीचं साल आलं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली. एरवी कमरेखाली मारायचा फवारा माणसं हात वर करून मारायला लागली आणि वर गेलेलं विष त्यांच्याच तोंडावर खाली यायला लागलं. अंगात बनियन, तोंडाला रुमाल. कुणाला दिसेनासं झालं, कुणी वावरातच पडलं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एका खाटेवर दोन दोन माणसं झोपल्याच्या बातम्या आल्या. त्याच दिवसांत नजीरच्या दुकानासमोर एक रंगवलेली गाडी थांबली आणि आयुष नावाचा नागपूरचा पोरगा उतरला. फवारणीचं औषध बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला गावोगाव जागृती करायचं काम दिलं होतं.

"काका, मला डॉक्टर हवाय," तो बाकड्यावर बसत म्हणाला. "मास्क कसा लावायचा, हातमोजे, चष्मा कसा घालायचा, हे लोकांना समजावणारा. खरे डॉक्टर सध्या मिळत नाहीत, सगळे वॉर्डात अडकलेत."

"डॉक्टरचं सोंग आमच्यात घेत नाही."

"सोंग कशाला म्हणता? समाजकार्य आहे."

"आणि शेवटी उघड्या तोंडानं सांगावं लागतं."

"अहो, ते सांगितलं तर तुमचं ऐकेल कोण?" आयुष हसला. मग त्यानं नजीरकडे जरा नीट पाहिलं. ते पांढरे कल्ले, ती ताठ मान. "खरं सांगू? तुम्ही कोट न घालताच डॉक्टर दिसता."

पुढे नजीरनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, की आपण हो का म्हणालो. मास्क लावा हे सांगण्यात वाईट काय, एखादा वाचेल, असं त्यानं हलीमाला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी ते वाक्य होतं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याला कपड्यांआधी पाहिलं होतं.

"अब्बा क्या बोलते थे, याद है?" हलीमानं विचारलं.

"अब्बा के टाइम में लोगां ऐसे मरते नहीं थे."

"मरते थे. पेपर में नहीं आते थे."

कोट त्यानं स्वतः शिवला. खिसा जरा खाली घेतला, कारण खऱ्या डॉक्टरांचा खिसा पेनांच्या वजनानं लोंबलेला असतो. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. आयुषनं दिलेली वाक्यं त्यानं पाठ केली. गाडीत बचावाच्या कपड्यांचा एक संच होता. गावात गेलं की एका माणसाला तो चढवायचा, फोटो काढायचा, उतरवून घडी करून परत गाडीत ठेवायचा.

"हे वाटणार नाही का?" नजीरनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"हा दाखवायचा आहे, काका. वाटायचा विषय वरचा आहे."

आपण एकटेच सोंगात नाही, हे नजीरच्या तेव्हाच लक्षात आलं. तरी तो गाडीत बसला.

धामणदरीला शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम होता. हे त्याचं जुनं गाव. समोर बापूजी होते, ज्यांना त्यानं किती वेळा ठाण्यावर नेलं होतं. हे मला ओळखणार, असं नजीरला वाटलं आणि मनातून बरंही वाटलं. लोकांनी ओळखलं म्हणजे मग ते खोटं राहत नाही, खेळ होतो. कार्यक्रम संपत आला तेव्हा गर्दीतून रामधन पुढे आला. दुसऱ्याच्या वावरात फवारणीला जाणारा माणूस, चाळिशीचा. त्याच्या मागे त्याची बायको विमलताई पदराचं टोक धरून उभी होती.

"डॉक्टरसाहेब," रामधन म्हणाला, "डोये झोंबून राह्यले. पोटात मयमय होऊन राह्यली. काय करू?"

त्याचा एक डोळा मिटलेला होता आणि ओठ एका बाजूला ओढले गेले होते. नजीरनं ते पाहिलं आणि त्याला जन्मभर जे दिसत आलं होतं तेच दिसलं: गावातला एक माणूस डोळा मारून, हसू दाबून, बहुरूप्याला पारखतो आहे. आयुष्यभराची सवय पाठीच्या कण्यातून वर चढली. तो अडखळला नाही.

"काहून नाही झोंबणार?" तो भारदस्त आवाजात म्हणाला. "बायकोकडे एवढा टक लावून पाहशील तर झोंबतीलच. साबणानं तोंड धू, लिंबूपाणी पी, सावलीत झोप. उद्या लग्नात नाचशील."

गर्दी हसली. आयुषनं फोटो काढला. रामधनचा चेहरा तसाच वाकडा राहिला आणि नजीरला वाटलं, काय पक्का आहे हा गडी, अजून सोडत नाही. बापूजी मात्र हसले नव्हते. त्यांना आता लांबचं दिसत नव्हतं, हे नजीरला माहीत नव्हतं.

बातमी त्याला चहाच्या टपरीवर कळली. धामणदरीचा रामधन गेला. कुणीतरी म्हणालं, "आदल्याच दिवशी डॉक्टरनं पाह्यलतं म्हणे त्याले. नशीब, बाप्पा, दुसरं काय."

नजीर दुकानात येऊन बसला. त्यानं मशीनवर कापड घेतलं आणि घेतलेलं तसंच राहिलं. दुपारी आयुषचा फोन आला. आवाज उत्साहात होता. "काका, घाबरू नका. उलट बरं झालं, आपले फोटो आहेत. चौकशी समिती येतेय म्हणतात. कंपनी दाखवू शकते, की आम्ही गावात डॉक्टर पाठवला होता, लोकांनीच काळजी घेतली नाही. तुम्ही फक्त कुठे काही बोलू नका."

हलीमा दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती आत जाऊन भांडी घासायला लागली. त्या दिवशी ती भांडली असती तर नजीरला सोपं गेलं असतं.

तो साधा सदरा घालून धामणदरीला गेला. तोंड धुऊन गेला. विमलताई दाराशी बसली होती, भोवती पाहुण्या बाया. नजीर उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि जे वाक्य त्यानं हजार दारांत म्हटलं होतं ते त्याला पूर्ण म्हणता येईना.

"शाळेतला डॉक्टर... मी होतो, बाई."

तिनं वर पाहिलं. "कोन डॉक्टर?"

"मी बहुरूपी. नजीर. तुमच्या गावात हवालदार होऊन येत होतो तो."

ती त्याच्या चेहऱ्यात काही शोधत होती आणि सापडत नव्हतं.

"तुमी डॉक्टर नोते?"

"नाही."

"म्या ऑटो बलावलता," ती हळू म्हणाली. "यवतमायले न्याले. दारात उभा होता ऑटो. तुमी म्हनलं झोपू द्या, म्हनून परत पाठवला." मग आवाज चढला. "तुले हासू कसं आलं रे? मानूस उभ्यानं जयून राह्यलाता आन् तू लग्नाच्या गोष्टी करत होता!"

"मले वाटलं तो गंमत करून राह्यला."

एक बाई म्हणाली, "हाकला याले." दुसरी म्हणाली, "दाने मागाले आला काय मेला?" नजीरच्या खांद्यावर झोळी होती. सवयीनं अडकवली होती. आता ती कुठे लपवावी कळेना.

विमलताईनं हात वर करून बायांना थांबवलं. "मले सांगून काय फायदा? मले तर सारंच समजलं. परवा साहेब लोक येऊन राह्यले, रेस्ट हाऊसवर. तिथं म्हना, मी डॉक्टर नोतो, कंपनीनं खोटा मानूस पाठवला. तिथं दम हाय काय बोलाचा?"

"हाय," नजीर म्हणाला.

विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत समिती बसली होती. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, कंपनीनं दिलेले फोटो. एका खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात आयुष. विमलताई भिंतीशी उभी होती. नजीरनं सगळं सांगितलं: गाडी, कोट, घडी करून परत ठेवलेला संच, "कुठे बोलू नका."

अध्यक्ष साहेबांनी फोटो उचलून डोळ्यांशी धरला. "यात तर टोपी, मास्क, चष्मा. हा कुणीही असू शकतो. तुम्हीच कशावरून?"

"आयुषभौले विचारा."

आयुषनं नजर टेबलावरच ठेवली. "आमच्याकडे बरीच मंडळी मानधनावर येतात, सर. मला नेमकं आठवत नाही."

नजीरला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताच्या कसबाची लाज वाटली. इतकं चोख सोंग घेतलं होतं की त्यातून बाहेर यायला फट उरली नव्हती. त्यानं विमलताईकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरकला, हात कमरेमागे बांधले, मान वर गेली. साधा सदरा तसाच होता. पण खोलीत एक मोठा डॉक्टर उभा राहिला.

"काहून नाही झोंबणार?" तो म्हणाला.

कोपऱ्यातला शिपाई खुदकन हसला. नजीर पुढची वाक्यं बोलत गेला, तशीच, तोच ठेका, तीच थांबण्याची जागा. एक सदस्य दुसऱ्याच्या कानाशी म्हणाला, "ग्रेट आहे हा माणूस." लिंबूपाणी आलं, सावली आली. लग्नाचं वाक्य येताच भिंतीशी विमलताई मटकन खाली बसली आणि तिनं हातांनी कान झाकले.

"बाई, हाच होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हाव. हाच आवाज."

खोलीत एकदम हलकं वाटायला लागलं. नजीरला ते कळलं, कारण गर्दीचा श्वास ओळखणं हेच त्याचं काम होतं. इतके दिवस न सापडलेलं काहीतरी या लोकांना सापडलं होतं. अध्यक्ष लिहिणाऱ्याकडे वळले. "घ्या. वैद्यकीय पदवी नसताना डॉक्टर असल्याचं भासवून रुग्णाला चुकीचा सल्ला दिला. स्वतः कबूल केलं. पोलिसांना कळवा."

"आणि कंपनी?" नजीर म्हणाला.

आयुषला आता आठवलं. "सर, आम्ही फक्त ठरलेली वाक्यं दिली होती. हे लिंबूपाणी, लग्न, हे त्यांचं स्वतःचं."

आणि हे खरं होतं.

विमलताई उठली. "अवो साहेब, मी याच्यासाठी नाही आनलं त्याले! त्या औषधाच्या डब्ब्याचं लिहा ना. डब्ब्यात काय होतं ते लिहा. मानूस लिंबूपान्यानं मेला काय?"

"बाई, तुमचं झालं. बाहेर बसा."

"बाईचं पण लिहा, साहेब," नजीर म्हणाला.

"तुला विचारलेलं नाही."

कागद पुढे आला. नजीरनं वाचला. त्यात बहुरूपी हा शब्द कुठेच नव्हता, गाडी नव्हती, घडी केलेला संच नव्हता. होता एक बोगस डॉक्टर, अगदी रेखीव. सही करू नये असं त्याला वाटलं. पण जे लिहिलं होतं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि बाहेर न जाता भिंतीशी जी अजून उभी होती तिच्यासमोर त्याला ते नाकारता येईना. त्यानं सही केली.

बाहेर पोलिसांची जीप होती. हवालदारानं त्याला मागे बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "काय डॉक्टर करते बे हा! सुटला की आपल्या लाइनीतल्या गणपतीले बलावू." ड्रायव्हर हसला. दूर फाटकापाशी आयुष कुणाशी तरी फोनवर बोलत होता, मोकळ्या आवाजात.

विमलताई फाटकाकडे न जाता जीपकडे आली. मागच्या बाजूला, गजांपाशी उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"उद्यापासून कापसाची येचनी हाय," ती म्हणाली. "त्याच वावरात. दुसरं काम नाही. बोंडावर ते औषध असनच अजून. येचल्यावर हात कायनं धुवाचे? कपडे येगळे ठेवाचे काय? लेकराले जवळ घेतलं तर चालते?"

आयुषची वाक्यं नजीरच्या जिभेवर उभी होती, ओळीनं, पाठ. त्यातलं खरं कोणतं आणि फोटोपुरतं कोणतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

"मले नाही मालूम, बाई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. "हे त्या दिवशी म्हनाचं होतं," ती म्हणाली, आणि जीप सुरू झाली.